पाताळातून आकाशदर्शन

आकाश पाहायचे असेल तर माणूस उंच जागा शोधतो. गावातला मुलगा गच्चीवर जातो, खगोलशास्त्रज्ञ डोंगरमाथ्यावर दुर्बीण बसवतो, आणि आता तर काही दुर्बिणी वातावरणाच्याही वर, थेट अवकाशात फिरत आहेत. परंतु याच आकाशाचे एक अंग असे आहे की ते पाहण्यासाठी नेमके उलट करावे लागते. खोल खाणीत उतरावे लागते, सरोवराच्या तळाशी यंत्रे सोडावी लागतात, नाहीतर दक्षिण ध्रुवावरील बर्फात अडीच किलोमीटर खोल भोके पाडावी लागतात. इतके करूनही ही यंत्रे डोक्यावरच्या आकाशापेक्षा पायाखालच्या पृथ्वीकडेच अधिक लक्ष लावून असतात. ऐकणाऱ्याला हा सगळा उफराटा कारभार वाटेल. पण त्यामागील तर्क अगदी सरळ आहे. तो जगात प्रथम ज्या दोन ठिकाणी फळाला आला, त्यांपैकी एक ठिकाण आपल्याच राज्यात आहे. ते म्हणजे कोलारच्या सोन्याच्या खाणी. हा तर्क कोणता आणि त्यातून पुढे काय निष्पन्न झाले, हे या लेखात थोडक्यात पाहू.

न्यूट्रिनो म्हणजे काय?

ज्या कणासाठी हा खटाटोप करायचा त्याचे नाव न्यूट्रिनो. त्याचा जन्म प्रयोगशाळेत झाला नाही, तो हिशेबाच्या वहीत झाला. काही किरणोत्सर्गी अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. या क्रियेला बीटा क्षय म्हणतात. या क्षयात ऊर्जेचा जमाखर्च जुळत नव्हता. अणुकेंद्राने जितकी ऊर्जा गमावली तितकी इलेक्ट्रॉनजवळ सापडत नसे. उरलेली ऊर्जा जाते कोठे? १९३० च्या डिसेंबरात वोल्फगांग पाउली यांनी सुचवले की, इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण बाहेर पडत असावा. त्याला विद्युत्भार नाही, वस्तुमान जवळजवळ नाही, आणि म्हणून तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पुढे एन्रिको फर्मी यांनी त्याचा रीतसर सिद्धांत मांडला व न्यूट्रिनो हे नाव रूढ केले. प्रत्यक्ष कण सापडायला मात्र १९५६ साल उजाडले. त्या वर्षी फ्रेडरिक राइन्स व क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ त्याचे अस्तित्व सिद्ध केले.

एवढा विलंब का लागला? न्यूट्रिनोला विद्युत्भार नाही, म्हणून विद्युत् व चुंबकीय बले त्याला खेचू शकत नाहीत. अणुकेंद्रातील कणांना बांधून ठेवणारे प्रबल बलही त्याच्यावर चालत नाही. गुरुत्वाकर्षण सोडले तर फक्त क्षीण आंतरक्रिया तेवढी त्याला लागू पडते, आणि तिचे नावच तिची ताकद सांगते. बीटा क्षयातून निघालेल्या न्यूट्रिनोला अडवायचे म्हटले तर शिशाची भिंत सुमारे एक प्रकाशवर्ष जाडीची हवी! सूर्यातून निघालेले न्यूट्रिनो पृथ्वीवर दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी या संख्येने येऊन पडतात. म्हणजे हे वाक्य वाचून होईपर्यंत आपल्या अंगठ्याच्या नखातून हजारो कोटी न्यूट्रिनो आरपार निघून गेले. ते रात्रीही जातात. फक्त रात्री ते पृथ्वी ओलांडून खालच्या बाजूने येतात, एवढाच फरक.

हा अलिप्तपणा आपल्याला दुहेरी लागू पडतो. जो कण कशालाच अडत नाही तो आपल्या यंत्रालाही अडत नाही, हा तोटा. पण जो कशालाच अडत नाही तो जेथून निघाला तेथली खबर जशीच्या तशी आणतो, हा लाभ. या लाभाची ज्योतिर्विदांना इतकी ओढ का, हे कळण्यासाठी एका जुन्या कोड्याकडे वळावे लागेल.

विश्वकिरणांचे कोडे

१९१२ साली व्हिक्टर हेस यांनी फुग्यात बसून उंच आकाशात जाऊन मोजमापे केली आणि बाहेरच्या अवकाशातून पृथ्वीवर प्रारणांचा मारा होत असल्याचे दाखवून दिले. यांनाच आपण विश्वकिरण म्हणतो. नाव किरण असले तरी ते बहुतांशी कण आहेत, मुख्यत्वे प्रोटॉन. त्यांतील काही कणांची ऊर्जा अफाट असते. माणसाने बांधलेल्या सर्वांत बलाढ्य त्वरकालाही ती साधलेली नाही. मग निसर्गात असा त्वरक आहे तरी कोठे?

शंभर वर्षे लोटली तरी या प्रश्नाचे उत्तर पुरते मिळालेले नाही, आणि त्याचे कारण प्रोटॉनच्या विद्युत्भारात आहे. अवकाशात सर्वत्र दुर्बळ चुंबकीय क्षेत्रे पसरलेली आहेत. भारित प्रोटॉन त्यांतून वळणे घेत घेत येतो. पृथ्वीवर पोहोचला तेव्हा त्याची दिशा पाहून तो कोठून निघाला हे सांगता येत नाही. दहा चौकांत वळून आलेल्या माणसाचे घर तो शेवटी कोणत्या गल्लीतून आला यावरून कसे ठरवणार? प्रकाश सरळ येतो खरा, पण अतिशय मोठ्या ऊर्जेचे गॅमा किरण वाटेतच शोषले जातात. शिवाय गॅमा किरण नुसत्या इलेक्ट्रॉनांपासूनही निर्माण होऊ शकतात. त्यामुळे तेथे प्रोटॉनच होते, असे खात्रीने म्हणता येत नाही.

न्यूट्रिनो या दोन्ही अडचणींतून सुटतो. वेगवान प्रोटॉन वायूवर किंवा प्रकाशावर आदळला की पायॉन नावाचे अल्पायुषी कण जन्मतात, आणि त्यांच्या क्षयातून न्यूट्रिनो बाहेर पडतात. म्हणून जेथून मोठ्या ऊर्जेचा न्यूट्रिनो आला तेथे प्रोटॉनचा त्वरक आहे, असे समजायला हरकत नाही. हा साक्षीदार सरळ रेषेत येतो आणि वाटेत कोणाच्या सांगण्याने साक्ष बदलत नाही. प्रश्न एवढाच, की त्याला साक्षीला उभे कसे करायचे?

खाणीत का उतरायचे?

न्यूट्रिनो स्वतः दिसत नाही. क्वचित एखादा न्यूट्रिनो अणुकेंद्रावर आदळतो, त्यातून भारित कण निघतो, आणि तो भारित कण यंत्राला दिसतो. या कामी सर्वांत उपयोगाचा कण म्हणजे म्युऑन. तो इलेक्ट्रॉनचा सुमारे दोनशे पट जड भाऊबंद. मोठ्या ऊर्जेचा म्युऑन खडकातून किंवा बर्फातून काही किलोमीटर सरळ जाऊ शकतो. मूळ न्यूट्रिनोची दिशाही तो जवळजवळ तशीच राखतो. त्यामुळे टक्कर यंत्राच्या आतच झाली पाहिजे असे नाही. बाहेरच्या खडकात झाली तरी तिचा म्युऑन चालत यंत्रापर्यंत येतो.

पण घोटाळा येथेच आहे. म्युऑन केवळ न्यूट्रिनोपासूनच होतात असे नाही. विश्वकिरण आपल्या वातावरणाच्या माथ्यावर आदळतात तेव्हाही पायॉन व त्यांपासून म्युऑन निर्माण होतात, आणि त्यांचा पाऊस अहोरात्र चालू असतो. तळहात आडवा धरला तर त्यातून सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो. न्यूट्रिनोपासून झालेला एखादाच म्युऑन या पावसात ओळखू येणे अशक्य. भर जत्रेत कोणी कानाशी कुजबुजावे तसा तो प्रकार होईल.

यावर उपाय दोन. पहिला उपाय छपराचा. डोक्यावर इतका खडक घ्यायचा की वातावरणातले म्युऑन वाटेतच थांबावेत. न्यूट्रिनोला मात्र दोन किलोमीटर खडकाची पर्वाच नाही. दुसरा उपाय दिशेचा. वरून येणाऱ्या म्युऑनला दोन-तीन किलोमीटर खडक भेटतो, तर तिरप्या वाटेने येणाऱ्याला कितीतरी अधिक. आडव्या किंवा खालून वर येणाऱ्या वाटेवर तर शेकडो, हजारो किलोमीटर खडक असतो. तितके अंतर कोणताही म्युऑन कापू शकत नाही. तेव्हा जो म्युऑन आडवा अथवा खालून येताना दिसला तो वातावरणातून आलेला असणे शक्यच नाही. न्यूट्रिनोने जवळपासच्या खडकात टक्कर देऊन त्याला जन्म दिला असला पाहिजे. येथे सगळी पृथ्वी गाळणीचे काम करते. आकाश पाहण्यासाठी खाली पाहायचे ते याचसाठी.

कोलार, १९६५

हा विचार प्रत्यक्षात आणायला खोल खाण हवी. बंगळूरच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरांवर, बेळगावहून पाहता राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, कोलारच्या खाणी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे सोने काढले जात होते आणि चँपियन रीफ ही खाण तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांनी विश्वकिरणांच्या अभ्यासाला आरंभापासूनच महत्त्वाचे स्थान दिले होते. १९५१ पासून बी. व्ही. श्रीकंतन यांनी कोलारच्या खाणीत वेगवेगळ्या खोलींवर म्युऑन मोजण्यास प्रारंभ केला. पुढे एस. मियाके, व्ही. एस. नरसिंहम् व पी. व्ही. रमण मूर्ती यांनी ही मोजणी आणखी खोल नेली. जसजसे खाली जावे तसतसे म्युऑन विरळ होत गेले, आणि सर्वांत खोल जागी अनेक आठवडे यंत्र चालवूनही एकही म्युऑन नोंदला गेला नाही.

एखाद्याला हे अपयश वाटले असते. येथे तीच आशेची जागा ठरली. जेथे म्युऑनचा गलका पूर्ण थांबला आहे तेथे न्यूट्रिनोचा आवाज ऐकू येण्याची शक्यता होती. टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून प्रयोग आखला. भारतीय बाजूस मंगळूर येथे जन्मलेले एम. जी. के. मेनन, श्रीकंतन, नरसिंहम्, रमण मूर्ती प्रभृती मंडळी होती. जपानकडून मियाके आणि इंग्लंडकडून आर्नल्ड वुल्फेंडेल होते. जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरांवर यंत्रे बसवण्यात आली. प्रस्फुरक, म्हणजे भारित कण आतून गेला की क्षणभर चमकणारे प्लॅस्टिक, त्याच्या दोन भिंती समोरासमोर उभ्या केल्या. मध्ये निऑन वायूच्या नळ्या आणि शिशाचे थर होते. दोन्ही भिंती एकाच वेळी चमकल्या तर कण आडवा गेला असे समजायचे, आणि त्याचा मार्ग निऑन नळ्यांच्या लखलखाटावरून काढायचा. साधे छतासारखे आडवे यंत्र न करता भिंती उभ्या केल्या, यातच वर सांगितलेला दिशेचा तर्क आहे.

काम सोपे नव्हते. इतक्या खोलीवर खडक चांगलाच तापलेला असतो, हवा दमट असते, आणि कोलारच्या खाणीत दाबाखालचा खडक अचानक फुटण्याचे प्रकार होत. तारा, नळ्या, विद्युत्साधने खाणकामगारांच्या पाळण्यातूनच खाली न्यावी लागत. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ही खोली शास्त्रज्ञांनी खणलेली नव्हती. कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांनी घाम गाळून आणि जीव धोक्यात घालून ती खणली होती. पदार्थविज्ञानाला ती आयती मिळाली.

१९६५ साली तेथे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या घटनांची नोंद झाली, पण त्या न्यूट्रिनोच्याच होत्या. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणीत, तीन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, राइन्स यांचा गट अशाच शोधात होता. त्यांची पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ ची. कोलारचा निबंध १५ ऑगस्ट १९६५ च्या अंकात छापून आला, आफ्रिकेचा ३० ऑगस्टच्या अंकात. अगोदर कोण हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही गटांनी वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो जगात प्रथमच पकडले, आणि त्या वेळी म्हैसूर राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या प्रदेशाचे नाव त्या इतिहासात कायमचे लिहिले गेले.

खाण अपुरी पडते

कोलारचे न्यूट्रिनो बाहेरच्या विश्वकिरणांमुळेच निर्माण झाले होते, पण त्यांचे जन्मस्थान आपले वातावरण होते. थेट दूरच्या ताऱ्यांकडून, दीर्घिकांकडून येणारे मोठ्या ऊर्जेचे न्यूट्रिनो हे त्यापुढचे लक्ष्य. ते संख्येने फारच थोडे. यंत्राचा आकार वाढवणे एवढाच मार्ग. किती वाढवायचा? हिशेब करणाऱ्यांचे उत्तर आले, सुमारे एक घन किलोमीटर. वजन शंभर कोटी टन! एवढी गुहा कोणत्या खाणीत कोरणार?

रशियन शास्त्रज्ञ मार्कोव्ह यांनी १९६० सालीच वाट दाखवून ठेवली होती. यंत्र बांधूच नका, निसर्गातले स्वच्छ पाणी हेच यंत्र समजा. पाण्यात किंवा बर्फात प्रकाशाचा वेग निर्वातातल्या वेगाच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. मोठ्या ऊर्जेचा म्युऑन त्याहून वेगाने धावतो. वेगाने जाणाऱ्या होडीमागे पाण्यावर पाचरीसारखी लाट पसरते, तशी या म्युऑनमागे निळसर प्रकाशाची शंकूच्या आकाराची लाट पसरते. हाच चेरेन्कोव्ह प्रकाश. खोल पाण्यात ठराविक अंतरांवर प्रकाश टिपणारे डोळे टांगून ठेवले, आणि प्रत्येक डोळ्याला उजेड नेमका कधी दिसला याची नोंद सेकंदाच्या काही अब्जांश भागांपर्यंत काटेकोर ठेवली, की म्युऑन कोठून कोठे गेला ते गणिताने निघते.

सांगायला सोपे, करायला कठीण. हवाई बेटांजवळच्या समुद्रात १९७६ पासून ड्युमँड नावाची योजना आखली जात होती. १९९३ साली तिची एक माळ समुद्रतळाशी सोडली, पण आत पाणी शिरून ती निकामी झाली, आणि १९९५ साली योजनाच गुंडाळण्यात आली. सायबेरियातील बैकल सरोवरात मात्र हिवाळ्यात गोठलेल्या पृष्ठभागावर उभे राहून माळा पाण्यात सोडण्याची युक्ती यशस्वी झाली. तिसरा मार्ग दक्षिण ध्रुवाचा. तेथे बर्फ जवळजवळ तीन किलोमीटर जाड आहे. अमांडा नावाच्या प्रयोगात १९९३-९४ च्या हंगामात पहिल्या माळा आठशे ते हजार मीटर खोलीवर सोडल्या, तर तेथल्या बर्फात हवेचे सूक्ष्म बुडबुडे निघाले व प्रकाश विखुरला जाऊ लागला. आणखी खोल, दीड किलोमीटरांच्या खाली, दाबामुळे बुडबुडे नाहीसे होतात आणि बर्फ कमालीचा पारदर्शक असतो, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

या अनुभवावर आइसक्यूब उभे राहिले. गरम पाण्याच्या झोताने बर्फात अडीच किलोमीटर खोल ८६ भोके पाडली. प्रत्येकात तारेला ६० काचगोल ओवून सोडले, आणि भोक पुन्हा गोठू दिले. १,४५० ते २,४५० मीटर खोलीच्या पट्ट्यात असे ५,१६० डोळे, पुन्हा कधीही बाहेर न काढता येणारे, कायमचे गोठवलेले आहेत. काम डिसेंबर २०१० मध्ये पुरे झाले.

सोने आणि दगड

आता या विषयातील खरी कसोटी सांगतो. यंत्र मोठे केले म्हणजे न्यूट्रिनो आपोआप दिसू लागतात असा समज होईल, पण तसे नाही. आइसक्यूबवर दीड किलोमीटर बर्फाचे छप्पर असले तरी ते कोलारच्या खडकाच्या मानाने पातळ आहे. त्यातून सेकंदाला सुमारे ३,००० म्युऑन वरून येतातच. वर्षाकाठी न्यूट्रिनो सापडतात सुमारे एक लाख. म्हणजे दहा लाख म्युऑनांमागे एक न्यूट्रिनो. कोलारला एका टन दगडातून काही ग्रॅम सोने निघत असे. एका टनात दहा लाख ग्रॅम असतात, हे ध्यानात घेतले तर दोन्ही धंद्यांचे प्रमाण एकाच पातळीचे निघते.

आणि एवढ्यावर भागत नाही. त्या एक लाखातले बहुतेक सगळे न्यूट्रिनो वातावरणातले, म्हणजे १९६५ साली कोलारला ज्यांच्या शोधाचा आनंद झाला त्याच जातीचे. काल जे सोने होते ते आज दगड म्हणून बाजूला टाकावे लागते. विज्ञानाची वाटचाल अशीच होते. एका पिढीचा शोध पुढच्या पिढीच्या मोजमापातला नको असलेला गोंगाट ठरतो. मात्र तो गोंगाट अगोदर कोणीतरी नीट मोजलेला असल्याशिवाय त्याच्या पलीकडचे काही ऐकू येत नाही.

दूरचे न्यूट्रिनो ओळखण्याच्या खुणा मुख्यतः तीन आहेत. पहिली खूण ऊर्जेची. वातावरणातल्या न्यूट्रिनोंची संख्या वाढत्या ऊर्जेबरोबर फार झपाट्याने घटते, म्हणून फार मोठ्या ऊर्जेचा न्यूट्रिनो बाहेरचा असण्याचा संभव अधिक. दुसरी खूण कुंपणाची. यंत्राच्या बाहेरच्या कडेवरील डोळे राखणदार समजायचे. त्यांना काही न दिसता एकदम आतच प्रकाश झाला तर आत शिरलेला कण अदृश्य, म्हणजे न्यूट्रिनोच असला पाहिजे. तिसरी खूण जागेची. आकाशातील एकाच बिंदूकडून अपेक्षेपेक्षा जास्त न्यूट्रिनो येऊ लागले तर तेथे काहीतरी आहे.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ऊर्जा वाढते तशी न्यूट्रिनोची अलिप्तताही कमी होत जाते. सुमारे ४० टेरा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे पृथ्वीचा पूर्ण व्यास त्याला जड जाऊ लागतो. एक टेरा म्हणजे एक लाख कोटी. म्हणून अत्युच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो खालून न येता क्षितिजाच्या बाजूने शोधावे लागतात. गाळणीच्या छिद्रालाही मर्यादा आहे म्हणायची.

काय सापडले?

२०१३ च्या नोव्हेंबरात आइसक्यूबने दोन वर्षांच्या निरीक्षणांतून कुंपणाच्या कसोटीला उतरलेल्या २८ घटना जाहीर केल्या. निव्वळ वातावरणातून साधारण ११ अपेक्षित होत्या. त्यांतील दोन घटनांची ऊर्जा तर हजार टेरा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातील होती. मोठ्या ऊर्जेचे न्यूट्रिनो सूर्यमालेच्या बाहेरून येतात, याचा हा पहिला भक्कम पुरावा.

ते कोठून येतात? २२ सप्टेंबर २०१७ रोजी सुमारे २९० टेरा इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक न्यूट्रिनो आला. त्याची दिशा मिनिटाच्या आत जगभरच्या वेधशाळांना कळवण्यात आली. त्या दिशेस, मृग नक्षत्राच्या भागात, एक दूरची दीर्घिका होती. तिच्या केंद्रातील कृष्णविवरातून निघणारा झोत नेमका आपल्या रोखाने आहे, आणि त्या सुमारास ती गॅमा किरणांत नेहमीपेक्षा अधिक प्रखर झालेली आढळली. तेथला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे चारशे कोटी वर्षे लागतात. पुढे २०२२ साली तिमिंगल तारकासमूहातील एन.जी.सी. १०६८ या सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेकडून सुमारे ७९ न्यूट्रिनो जास्तीचे आल्याचे जाहीर झाले. २०२३ साली आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यातूनही न्यूट्रिनो येत असल्याचे दिसले. अलीकडची मोठी घटना भूमध्य समुद्रातली. सिसिलीजवळ सुमारे साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात उभारणी चालू असलेल्या केएम-थ्री-नेट या यंत्राने १३ फेब्रुवारी २०२३ रोजी जवळजवळ आडवा जाणारा एक म्युऑन टिपला. त्याला जन्म देणाऱ्या न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २,२०,००० टेरा इलेक्ट्रॉन-व्होल्ट असावी, असा अंदाज २०२५ साली प्रसिद्ध झाला. सर्न येथील महात्वरकात एका प्रोटॉनला जितकी ऊर्जा मिळते तिच्या ही सुमारे तीस हजार पट आहे. तो कोठून आला, हे अद्याप ठरलेले नाही.

वाचकांनी एक ध्यानात घ्यावे. हे पुरावे सारख्या बळाचे नाहीत. २०१७ च्या घटनेत न्यूट्रिनो आणि दीर्घिका यांची गाठ योगायोगानेही पडू शकते, आणि त्या योगायोगाची शक्यता हजारांत एखाद-दुसरी असली तरी शून्य नाही. एन.जी.सी. १०६८ बाबत ती पुष्कळच कमी आहे. शास्त्रज्ञ अशा ठिकाणी 'पुरावा आहे' व 'सिद्ध झाले' यांत काटेकोर भेद करतात. वर्तमानपत्री मथळ्यांत तो बहुधा नाहीसा होतो.

कोलारनंतर

कोलारचे प्रयोग पुढे प्रोटॉनच्या क्षयाचा शोध घेण्याकडे वळले. त्यासाठी १९८० च्या सुमारास सुमारे १४० टनांचे यंत्र तेथे बसवले होते. १९९० नंतर थोड्याच काळात हे प्रयोग थांबले आणि २००१ साली खाणीही बंद झाल्या. सोने काढणे परवडेनासे झाले होते. पाणी उपसणारे पंप थांबले की खाण भरत जाते. ज्या पातळीवर ती यंत्रे उभी होती तेथे आज कोणी जाऊ शकत नाही.

त्यानंतर तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराखाली नवी न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याचे ठरले. चुंबकित लोखंडाचे ५०,००० टनांचे यंत्र तेथे बसायचे होते. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मंजुरीही दिली. परंतु ती जागा पश्चिम घाटातील. डोंगर, पाणी, जंगल यांचे काय होणार, हा स्थानिक लोकांचा सवाल होता. प्रकरण न्यायालयात गेले, राज्य सरकारनेही विरोध केला, आणि बोगद्याचे काम सुरू झालेले नाही. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आपल्या भागातील लोकांना हा सवाल परका वाटू नये. न्यूट्रिनोपासून कोणाला अपाय होत नाही, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे बरोबर आहे, कारण तो तर सदैव आपल्या अंगातून जातच आहे. पण बोगद्यासाठी लावलेल्या सुरुंगांबद्दल आणि पाण्याबद्दल विचारणाराही अडाणी नव्हे. कोलारला खाण अगोदरच होती, त्यामुळे हा प्रश्न उद्भवला नाही. नवी गुहा खणायची तर तो सोडवूनच पुढे जावे लागेल.

आपल्या विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांना या विषयात काम करायला आज ध्रुवावरच जावे लागते असे नाही. आइसक्यूबची बरीचशी निरीक्षणे सर्वांसाठी खुली केलेली आहेत, आणि गणकयंत्र व संख्याशास्त्र यांची चांगली तयारी असलेला विद्यार्थी ती घेऊन बसू शकतो. तयारी मात्र कसून हवी. या शास्त्रात नव्याण्णव टक्के काम दगड बाजूला काढण्याचे असते, आणि दगड ओळखता आल्याखेरीज सोने ओळखता येत नाही.